बिऱ्हाडगाडीतला दिवा

भाताचे आधण उकळण्याच्या थोडे आधी पातेल्याच्या तळाशी बारीक बुडबुडे धरू लागतात आणि त्यांचा एक आवाज येतो. उकळीचा नव्हे, उकळी जवळ आल्याचा. तुमच्या बिऱ्हाडगाडीतल्या बाकाखालून अगदी तसाच आवाज येत असे. त्याच्यासोबत एक वास असे. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक राहिले की ते कळकते. त्या ताकासारखा आंबट, धातूचा, घसा आत ओढून घेणारा. तुम्ही त्याला बॅटऱ्यांचा श्वास म्हणत असा. मी नाकाला पदर लावून दाराशीच उभी राहत असे. आता तुम्ही नाही, आणि आधण त्या बिंदूला आले की माझे हात आपोआप चुलीपासून मागे सरतात.

आश्विन लागला आहे. दहिवलीच्या शेतांत भात निसवला आहे, उल्हास नदीचे गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसू लागले आहेत, आणि डोंगरावरून येणाऱ्या वाऱ्याला ओल्या मातीऐवजी वाळत्या गवताचा वास आहे. याच दिवसांत तुम्ही गाडीची चाके ठोकळ्यांवरून उतरवण्याच्या गोष्टी काढीत असा. भेटीला येणारी माणसे मला तुमच्या वकिलीविषयी सांगतात; तुम्ही कोणाची बाजू कशी मांडली, कोणाला समेट करायला कसे लावले. मी मान हलवते. त्यांच्यापुढे जे बोलता येत नाही ते मला तुमच्यापुढे बोलायचे आहे. ते भीतीविषयी आहे. ती मी तुमच्यापासून कधी लपवली नाही, आणि तुम्ही ती कधी पुरती खरी मानली नाही.

नेरळला मोटार ठेवून वर माथेरानला जाणाऱ्या एका पारशी गृहस्थाकडून तुम्ही ती जुनी मोटार घेतलीत, तेव्हा सासूबाईंनी एवढेच विचारले होते की हिला वैरण काय लागते. मग तुम्ही कुठल्याशा इंग्रजी मासिकात मोटारीमागे ओढत न्यायच्या घराचे चित्र पाहिलेत आणि तुमची झोप उडाली. गावच्या सुताराला ते चित्र दाखवलेत, मोडीत निघालेल्या लॉरीचा कणा आणि चाके आणलीत, आणि दोन पावसाळ्यांच्या मधल्या काळात आपल्या अंगणात एक खोली चाकांवर उभी राहिली. सागाच्या फासळ्या, पत्र्याचे छप्पर, खिडक्यांना गुंडाळून वर बांधायचे जाड कापडी पडदे, समोरासमोर दोन बाके. गावाने तिचे बारसे करून टाकले: बिऱ्हाडगाडी. कोर्टात तुमच्या सोबत्यांनी विचारले, वकीलसाहेब, बिऱ्हाड चाकांवर घेतलंत, आता पक्षकारांनी तुम्हाला हुडकायचं कुठं? तुम्ही म्हणालात, चाकोरीच्या मागे मागे या.

आणि मग तुम्ही त्या बाकाखाली दोन बॅटऱ्या ठेवल्यात. कंदिलाच्या धुराने मला खोकल्याची उबळ येते आणि दिवेलागणीनंतर मला एक पान धड वाचता येत नाही, हे तुम्ही लग्नाच्या पहिल्याच वर्षी ताडले होते. गाडीच्या छपराला आतून एक लहानसा विजेचा दिवा टांगलात, माझ्या उशीच्या बरोबर वर. तो कोणासाठी आहे हे तुम्ही बोलून दाखवले नाहीत. मीही "बरे झाले" याच्या पलीकडे काही बोलले नाही. आज ते दोन शब्द मला फार तोकडे वाटतात. पण माझ्या वडिलांनी मला वृत्ते शिकवली, अलंकार शिकवले, नवऱ्याला तोंडावर धन्यवाद कसे द्यायचे ते मात्र शिकवले नाही.

पहिला मुक्काम कोंडाण्याला, लेण्यांच्या पायथ्याशी. थंडीचे दिवस होते. वाडीवरचा एक म्हातारा ठाकर बराच वेळ गाडीभोवती फिरला, चाकांना काठी लावून पाहिली, आणि शेवटी तुमच्यासमोर उकिडवा बसून त्याने विचारले, "घरातून काढला काय रं तुला?" तुम्ही गंभीरपणे म्हणालात, बायकोसकट काढलं. त्याने माझ्याकडे पाहिले, कीव केली, आणि संध्याकाळी केळ्यांची मोठी फणी आणून दिली. त्या संध्याकाळी तुम्ही बटण दाबलेत आणि दिवा लागताच माझे हात सवयीने जोडले गेले. तुम्ही इतके हसलात की बाहेर रातकिडे गप्प झाले. तिथून आपला तो वाद सुरू झाला. दिवा म्हणजे उजेड, असे तुमचे म्हणणे. दिवा म्हणजे ज्योत, असे माझे. जिला वात नाही, तेल नाही, जी वाऱ्याने थरथरत नाही, जी आपल्याला जपावी लागत नाही, तिला नमस्कार कसा करायचा? तुम्ही म्हणालात, "जपावी लागत नाही? पावसाळ्यात ये माझ्यासोबत, मग सांग."

मी आले नाही. निदान आनंदाने आले नाही. पण तुमचे म्हणणे खरे असल्याचे मला खालापूरच्या माळावर कळले. पावसाळाभर तुम्ही तालुक्याच्या कामांत गुंतला होता, बॅटऱ्यांकडे पाहिले नव्हते, आणि थंडी पडताच आपण घाईने निघालो होतो. मी वाचत होते. अक्षरे आधी पिवळी झाली, मग तांबूस, मग कागदच दिसेना. दिव्याची तार निखाऱ्यासारखी लाल दिसत होती आणि तोही निखारा विझला. तुम्ही बाक उचललेत, काड्यापेटीच्या उजेडात आत पाहिलेत. पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या शिशाच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला होता. भिंतीला मीठ फुटावे तसा. तुम्ही म्हणालात, मी यांना उपाशी मारले. तुमच्या आवाजात एखाद्या गोठ्यातल्या जनावराविषयी बोलावे तशी शरम होती. त्यानंतर तुम्ही हयगय केली नाहीत.

म्हणून गेल्या काही वर्षांत आपल्या घरी पावसाळ्याच्या तयारीत एक काम वाढले. इतर घरी पापड, सांडगे, इरली, शेणी. आपल्या घरी याशिवाय बिऱ्हाडगाडी निजवणे. जुन्या बैलगाडीच्या गाडीघरात तुम्ही तिला मागे लोटत नेत असा, चाके ठोकळ्यांवर चढवीत असा, म्हणजे एकाच जागी भार पडून रबर कुजणार नाही. गाद्यांत कडुलिंबाचा पाला. तारा कुरतडायला उंदीर येतात म्हणून फटींना जाळी. बॅटऱ्यांच्या टोकांना व्हॅसलीन. आणि पाणी मात्र माझ्याकडे. विहिरीचे पाणी त्यांना चालत नसे, त्यात क्षार. छपरावरून ओघळलेले नको, त्यात गंज. उघड्या अंगणाच्या मधोमध मी चिनीमातीची बरणी ठेवायची आणि आभाळातून थेट तिच्यात पडलेले पाणी फडक्यातून गाळून काचेच्या बाटलीत भरायचे. सासूबाई म्हणायच्या, देवाच्या अभिषेकाला विहिरीचं चालतं, आणि या डब्यांना मेघाचं लागतं. त्यांचा टोमणा खोटा नव्हता. पण ती बरणी भरताना मला बरे वाटे. त्या सगळ्या खटाटोपातला तेवढा एकच भाग माझ्या जगातला होता.

बाकीच्याची मला भीती वाटत होती. काचेच्या नळीने त्यांच्यातले आम्ल ओढून तुम्ही उजेडासमोर धरीत असा, तेव्हा ते पाण्यासारखेच दिसे, हीच त्याची भयंकर गोष्ट होती. माझ्या जांभळ्या लुगड्यावर एक थेंब उडाला. त्या दिवशी काही दिसले नाही, धुवून वाळत घातल्यावर तिथे जोंधळ्याएवढे भोक होते, कडा जळलेल्या. न दिसता, न धुमसता जळणारे काही असते हे मी तेव्हा प्रथम पाहिले. आणि ते इंजिन. लहानसे, काळे, तेलकट. गाडीघराच्या कोपऱ्यात बसवलेले. महिन्यातून एखादी उघडीप साधून तुम्ही ते चालू करीत असा आणि तास न् तास ते बॅटऱ्यांत वीज भरीत राही. मला ते शिकवायचा तुम्ही किती प्रयत्न केलात. हे चाक असे फिरवायचे, हा खटका असा ओढायचा. मी म्हणे, मला कवितेतली वीज पुरे. तुम्ही म्हणालात, मी अलिबागेला तारखेला गेलो आणि यांची वेळ टळली तर? मी म्हटले, टळू दे, माणसेही एकादशी करतात. तुम्ही हसलात, आणि तो विषय पुढच्या वर्षावर टाकलात.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट तुमच्याशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हती. इंजिन बंद करून थोडाच वेळ झाला होता. संध्याकाळ भरून आली होती. पाणी किती उरले ते पाहायला तुम्ही कंदील घेऊन गाडीत शिरलात, बाकाची फळी उचललीत. मी मागच्या दारातून हाक मारली की चहा निवतो आहे. तुम्ही उत्तर द्यायला मान वळवलीत. तेवढ्यात बंदूक उडावी असा आवाज झाला. मी पोचले तेव्हा तुम्ही गाडीबाहेर उभे होता, सदऱ्यावर ओले डाग, आणि स्वतःच्या चेहऱ्यावरून सावकाश हात फिरवून पाहत होता, आंधळा माणूस दुसऱ्याचा चेहरा चाचपतो तसा. बॅटरीचे झाकण उडून छपराला आतून आदळले होते. पत्र्याला बाहेर फुगवटा आला होता. मी तुमच्या अंगावर खाण्याचा सोडा फासत होते. तुम्ही मला समजावून सांगितलेत: बॅटरी भरत आली की तिच्यातून वायू निघतो, तो दिसत नाही, हवेपेक्षा हलका असतो, वर चढतो, कोंडला की साठतो, आणि त्याला ज्योत दिसली की झाले. सासूबाईंनी आतून विचारले, काय पडलं? तुम्ही म्हणालात, आंब्याची फांदी. दुसऱ्याच दिवशी त्यांनी माणूस बोलावून ती निरपराध फांदी तोडून घेतली. आपण दोघे खिडकीतून पाहत होतो. तुम्हाला हसू आवरेना, आणि मला त्या फांदीकडे पाहवेना.

तेव्हापासून तुमचा नियम झाला. बॅटऱ्या भरल्या की दुसऱ्या दिवसापर्यंत गाडीची दारे-खिडक्या सताड उघड्या, आणि आत ज्योत न्यायची नाही. कंदील नाही, काडी नाही, उदबत्तीसुद्धा नाही. मी तो नियम तुमच्यापेक्षा अधिक पाळला. भित्र्या माणसाला नियम लवकर पाठ होतात.

यंदाच्या श्रावणातली ती उघडीप तुम्ही हेरून ठेवली होती. ऊन इतके स्वच्छ होते की पागोळ्यांच्या खाचांतले पाणीसुद्धा निळे दिसत होते. सकाळीच तुम्ही इंजिन चालू केलेत, टाकी भरून, आणि पडदे वर गुंडाळून गाडीतल्या बाकावर वर्तमानपत्र घेऊन आडवे झालात. मी थालीपीठ घेऊन आले तेव्हा तुम्ही कुशीवर निजला होता, तळहात गालाखाली. मी हाक मारली. इंजिनाच्या आवाजात ऐकू गेले नसेल असे वाटून पुन्हा मारली. तुमचा दुसरा हात बाकाच्या फळीवर होता आणि त्याची बोटे किंचित हलत होती. मी किती वेळ त्या बोटांकडे पाहत उभी राहिले कोणास ठाऊक. मग मला कळले की फळी थरथरते आहे. इंजिन तुमची बोटे हलवीत होते.

पुढचे सगळे मला त्या आवाजातच आठवते. खटका कोणता ते मला सापडेना. शेजारून तुमचे चुलतभाऊ, भाऊजी, धावत आले, त्यांनी एक दांडा ओढला. इंजिन दुप्पट जोराने ओरडू लागले आणि ते मागे उडाले. कोणी म्हणाले फडके कोंबा, कोणी म्हणाले हात लावू नका. मग सगळ्यांनी तो नाद सोडला. तुमचे हृदय झोपेतच थांबले, एवढेच वैद्य सांगून गेले. भटजींनी मंत्र ओरडून म्हटले. बायकांच्या रडण्यावर, बांबू तासण्यावर, माझ्या बांगड्या फुटण्यावर तो एकसारखा फटफट आवाज चालू होता, आणि तुम्ही गेल्यानंतरही बाकाखाली वीज भरत राहिली. भांडे काठोकाठ भरल्यावर पाणी वाहत राहावे तशी.

तुम्हाला उचलले तेव्हा आभाळ पुन्हा काळवंडले होते. सासूबाईंनी सांगितले की प्राण जिथे गेला तिथेच दिवा ठेवायचा. बाकाच्या फळीवर, तुमची मान होती त्या जागी, परातीत पीठ पसरले, पिठावर पणती लावली, शेजारी टोपली उपडी घातली. दहावा होईपर्यंत तो दिवा विझू द्यायचा नाही. गेलेला जीव तेवढ्या उजेडावर आपली वाट पाहतो. सर आली. पणतीला वारा लागू नये म्हणून बायकांनी खिडक्यांचे पडदे सोडले, दोऱ्या आवळून बांधल्या, दार ओढून घेतले. मला माजघराच्या खिडकीशी बसवले होते. तिथून गाडीघर दिसते. मी ते सगळे पाहत होते आणि पाहूनही पाहत नव्हते.

पुरुषमाणसे नदीकडच्या वळणाआड गेली असतील, तेव्हा टाकीतले इंधन संपले. इंजिनाने दोन-तीन आचके दिले आणि ते थांबले. तेवढ्यापुरती सरही थांबली. सकाळपासून प्रथमच घरात शांतता झाली, आणि त्या शांततेत मला तो आवाज ऐकू आला. खरोखर ऐकू आला की आठवला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. माजघरातून तो ऐकू यावा असे अंतर नव्हते. भाताच्या आधणाचा आवाज. आणि पडद्याच्या कापडातून पणतीचा उजेड, तांबूस, मिटलेल्या पापणीतून ऊन दिसते तसा.

तुमच्या जाण्याने मी रडले होते, थिजले होते. घाबरले मात्र त्या क्षणी. हे तुम्हाला लागेल. पण तुमच्याशी खोटे बोलायची मला सवय नाही.

त्या दिवशी सुवासिनीपण गेलेल्या बाईने कोपऱ्यातून उठायचे नसते. मी उठले. भिमाबाई, आपल्या पलीकडच्या खाचरवाल्यांची, दाराशी बसली होती. तिने माझा हात धरला. मी म्हटले, तो दिवा तिथून हलवायला हवा. तिला वाटले दुःखाने माझे चित्त ठिकाणावर नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "वयनी, तो दिवा हालवू नाय. गेल्या मानसाची वाट हाय ती. आमच्या सासऱ्याचा वाऱ्यानं गेला, तवापासून घराला सुख नाय बगा." मी तिचा हात सोडवला आणि गाडीघरात गेले. दार उघडून पहिल्याच खिडकीच्या दोऱ्या सोडू लागले. वारा आत घुसला. ज्योत आडवी झाली, निळी झाली, वातीला चिकटून राहिली. माझ्या मागून सासूबाई आल्या आणि त्यांनी दोन्ही तळहातांचा आडोसा धरला. "बांध ती दोरी," त्या म्हणाल्या, "माझ्या मुलाला अंधारात लोटतेस?"

मी दोरी बांधली आणि गाडीतून खाली उतरले. दुसरे काय करणार होते? खिडकी उघडी ठेवावी तर दिवा विझतो. झाकावी तर बाकाखालचे ते न दिसणारे साठत जाते आणि फळ्यांच्या फटींतून वर, पिठापर्यंत येते. घरातल्या सगळ्या बायका त्या ज्योतीच्या विझण्याला भीत होत्या. मी तिच्या तेवण्याला भीत होते. कोणाला काय सांगू? मला तरी काय माहीत होते? तुम्ही सांगितलेले चार शब्द आणि पत्र्याचा एक फुगवटा. कदाचित काही होणारही नव्हते. कदाचित इतका वेळ पडदे उघडे होते म्हणून सगळे निघूनही गेले असेल. हे तुम्हालाच विचारायचे होते, आणि विचारण्यासाठी मी सवयीने मान वळवलीही.

सासूबाई मागे फिरल्या नाहीत. त्यांनी दार आतून ओढून घेतले आणि समोरच्या बाकावर दिव्याची राखण करायला बसल्या. दाराच्या फटीतून मला दिसली लाल आलवणातली ती वाळकी मूर्ती, दोन्ही हात ज्योतीभोवती, तोंड ज्योतीवर ओणवलेले. तुम्ही गेल्या वर्षी भाद्रपदात जसे ओणवला होतात तसे.  तुमच्या आईंशी माझे कधी फारसे जमले नाही, हे आपण दोघे जाणतो. पण एका दिवसात त्याच बाकावरून दुसरे कोणी उचलून न्यायचे, हा विचार मला सोसवेना.

मी दार उघडून आत गेले आणि ते मागे ओढले. त्यांच्यासमोर खाली बसले. आत तो वास होता. आंबट, कळकलेला, तुपाच्या वातीच्या वासाखाली दबलेला. आता आवाजही खराच होता. बाकाला कान लावायची गरज नव्हती. सासूबाईंनी विचारले, "हे काय शिजतंय?"

तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. न दिसणाऱ्या वायूचे, कंदिलाचे, चहाच्या हाकेचे. आंब्याची फांदी पडली नव्हती हेही. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिले.  दिव्याभोवतीचे हात त्यांनी काढले नाहीत. मला वाटले आता त्या मला खोटारडी म्हणतील, किंवा त्या फांदीबद्दल विचारतील. त्यांनी वेगळेच विचारले.

"दिवा इथं नको, हे तू म्हणतेस की तो म्हणाला होता?"

"त्यांनी सांगितलं होतं."

"त्याचं कधी ऐकलंस तू? ते इंजिन शीक म्हणून कानीकपाळी ओरडायचा. मला ऐकू यायचं सगळं."

"नाही ऐकलं, आई. आज ऐकते आहे."

"जागा आपण नाही ठरवत. प्राण इथं गेला त्याचा."

मी म्हटले की प्राण इथे गेला, पण आयुष्य घरात गेले. जिथे ते रोज जेवले, जिथे पक्षकारांशी बोलले, जिथे आई, तुमच्या मांडीवर वाढले, त्या माजघराची वाट त्यांना सापडणार नाही का? दिवा विझवायचा नाही, आई. परातीसकट, पिठासकट, तेवताच न्यायचा आहे. हे मी नीट, सलग बोलले असे आता लिहिताना वाटते. प्रत्यक्षात तुटक तुटक बोलले असेन.  बाहेर पुन्हा सर सुरू झाली. पत्र्यावर थेंब वाजू लागले आणि बाकाखालचा आवाज त्यात बुडाला. तो ऐकू येईनासा झाला तेव्हा मला अधिकच भय वाटले. ज्योत सरळ उभी होती, अगदी निश्चल, एखाद्या बंद गाभाऱ्यात असावी तशी. पडदे इतके चांगले बांधले होते, आणि सोडलेली दोरी मी पुन्हा आवळली होती ती तुम्ही शिकवलेल्या गाठीने.

सासूबाईंनी दिव्याकडे पाहिले, मग बाकाच्या फळीकडे, तुमची मान जिथे होती तिथे. त्यांनी त्या लाकडावरून एकदा हात फिरवला. आपल्याकडे नवी विधवा त्या परातीला शिवत नाही. तिची सावलीही पिठावर पडू देत नाहीत. हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? वीस वर्षांपूर्वी त्या स्वतः अशाच एका परातीपासून दूर बसल्या होत्या, तुम्हीच मला सांगितले होते. मला वाटले त्या स्वतः वाकतील, किंवा भिमाबाईला बोलावतील. त्यांनी स्वतःचे हात ज्योतीपासून काढून मांडीवर ठेवले.  तेव्हा मला कळले की त्याही भ्यायल्या आहेत. दिव्याला नव्हे, बाकाखालच्या वायूलाही नव्हे, तर मलाच काही झाले तर या घरात त्यांच्याशी तुमच्याविषयी बोलायला कोणी उरणार नाही, याला. हे त्या कधी म्हणाल्या नाहीत. त्यांच्या डोळ्यांत मी ते वाचले, आणि चुकीचे वाचले असेल तर तसेच असू द्या.

मग त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या,

"उचल."